कडू खरपुडी

आमच्या दिघीच्या घरात वर्तमानपत्र वाचायला म्हणून कधी विकत आलं नाही. ते रद्दीच्या दुकानातून किलोवर यायचं आणि आल्या आल्या त्याच्या घड्यांमध्ये पानं, फुलं, मुळं जाऊन बसायची. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत लोखंडी खाट, खाटेखाली ज्वारीचं पोतं, पोत्याशेजारी पानंफुलं दाबून वाळवायचा माझा लाकडी पट्ट्यांचा प्रेस आणि प्रेसवर दाब म्हणून आईचा पाटा. वरवंटा मोकळा आणि पाटा अडकलेला, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस आईला चटणी खलबत्त्यात कुटावी लागे. कुटताना ती माझ्याकडे न बघता बोलायची. "लोकाच्या पोरी शिवणकाम शिकायल्या, अन् आमची गवत वाळवायली." मग भाकरी थापायला घ्यायची. तिच्या माहेरकडून, बीडच्या बाजूने, वर्षातून एकदा येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाचा डबा यायचा, आणि त्या येसराच्या आमटीचा वास, स्वयंपाकघरात दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कागदांचा वास आणि कागदातल्या पानांचा वास मिळून घराचा एक वास झाला होता. पाहुण्यांना तो लगेच जाणवे. आम्हाला तो असल्याचंही माहीत नव्हतं.

आवाज दोन होते. घरामागे लष्कराची भिंत होती. तिच्या पलीकडून सकाळी शिट्ट्या ऐकू यायच्या आणि कधी कधी लांबवर काहीतरी फुटल्याचा दबका आवाज, ज्याने मांडणीवरची भांडी किणकिणायची. दुसरा आवाज भोसरीकडच्या भोंग्यांचा. आईला घड्याळ लागत नसे. कोणता भोंगा कोणत्या कंपनीचा हे तिला पाठ होतं आणि त्यावर तिचं कुकर लावणं, नळाला नंबर लावणं, अण्णांचा डबा भरणं चालायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीतल्या एका फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवायचे. वाळूत जवसाचं तेल आणि काकवी कालवून ते गाभे भट्टीत भाजतात. घरी आले की अण्णांच्या अंगाला जळक्या काकवीचा वास असे आणि कितीही अंघोळ केली तरी कानाच्या पाळीमागे काळी रेघ राही. बोलायचे फार कमी. मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा "त्यात काय असतं" एवढंच विचारलं होतं आणि मी पाच मिनिटं सांगितल्यावर "बरं" म्हणाले होते.

पण मला सगळ्यात मोठी मदत त्यांनीच केली. पावसाळ्यात नमुने वाळत नाहीत. रोज कागद बदलावे लागतात आणि कागदच ओले असतील तर पानांवर पांढरी बुरशी धरते. एका वर्षी पाऊस थांबेचना. मी तीन आठवडे गोळा केलेलं सगळं काळं पडत चाललं होतं आणि मी प्रेस उघडून बघत नुसती बसले होते. अण्णा शिफ्टला निघाले होते. त्यांनी वाकून बघितलं, एका पानाला बोट लावलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने प्रेस आवळून बांधला. "भट्टीच्या वर ठेवून बघतो. आत नाही. वरती पापड वाळतील एवढीच ऊब असती." संध्याकाळी प्रेस परत आला तेव्हा पानं कोरडी, चपटी आणि हिरवी होती. त्या दिवसापासून आठवड्यातून एक-दोनदा माझा प्रेस फाउंड्रीला जाऊ लागला. गेटवर झडती व्हायची. नव्या वॉचमनने एकदा प्रेस उघडायला लावला, सगळ्या रांगेसमोर एकेक कागद उलटून बघितला आणि विचारलं, "ये क्या है, चाचा? घास?" अण्णा म्हणाले, "लडकी का कॉलेज है." हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या शेजाऱ्याने सांगितलं, तेही हसत.

आता मी वाकडला अकराव्या मजल्यावर मुलाकडे राहते. खालून गाड्यांचा अखंड आवाज येतो आणि त्यात कोणता कशाचा हे काही कळत नाही. टेबलावर लॅपटॉप आहे, त्यावर जगातल्या कुठल्याही संग्रहातला नमुना मोठा करून बघता येतो, अगदी लव दिसेपर्यंत. मी बघते. तरी नमुना खरा की खोटा हे वासावरून ठरवायची सवय गेलेली नाही, आणि पडद्याला वास नाही.

कॉलेजात आम्हाला तांबोळी सर होते. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम भिंग अडकवलेलं. विद्यार्थ्यांना ते अहो-जाहो करत. आम्हा कामगारांच्या मुलांना आयुष्यात कुणी अहो-जाहो केलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करून हसायचो. तिसऱ्या वर्षापर्यंत मी हसायचं सोडून दिलं होतं. त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट होतं. त्यात जाड कागदांवर टाके घालून बसवलेल्या हजारभर वनस्पती होत्या आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली लेबल असे: नाव, कुठे सापडली, कशा जमिनीत, किती संख्येने, कुणी गोळा केली. सर म्हणायचे, "फूल सुंदर आहे की नाही ते लिहू नका. ते बघणाऱ्याला दिसेल. जे कागदावर येऊ शकत नाही, ते लेबलावर लिहा. रंग लिहा, कारण तो उडतो. वास लिहा. आणि तिथे किती होती ते लिहा." हे वाक्य मी पुढे तीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं. त्यातला शेवटचा भाग मी दर वेळी घाईने उरकायची. का, ते इथे लिहायचं आहे.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सरांनी मला चाकणच्या पुढचा एक माळ दिला. माळ म्हणजे मुरमाड टेकाड, त्यावर गुडघ्याएवढं गवत, मध्ये मध्ये उघडा खडक. पावसाळाभर जाऊन तिथल्या सगळ्या वनस्पतींची यादी करायची. भोसरीला येऊन नाशिक रस्त्यावर एसटीला हात करायचा, चाकणला उतरायचं आणि तिथून तासभर चालायचं. पहिल्याच खेपेला तिथे तात्या भेटले. त्या माळाला लागून त्यांचं घर होतं. त्यांच्या भावकीने माळ नुकताच एका कंपनीला विकला होता, चारी कोपऱ्यांना चुन्याने रंगवलेले दगडही पुरले होते, पण कंपनीचं कुणी फिरकत नव्हतं, म्हणून तात्या आपल्या शेळ्या तिथेच चारत. साठीचे असतील. डोक्याला टॉवेल, पायात टायरच्या चपला. मी काय करते हे विचारायला ते दुसऱ्या खेपेला आले, आणि तिसऱ्या खेपेपासून मला शिकवायला लागले.

मी शास्त्रीय नाव शोधत बसायची, ते तोंडी नाव सांगायचे आणि त्यांचं नाव बहुतेक वेळा माझ्या पुस्तकापेक्षा काटेकोर निघायचं. पुस्तकात एक असलेल्या गवताची त्यांच्याकडे दोन नावं होती, कारण एक शेळी खाते आणि दुसरं खात नाही. भाद्रपदाच्या सुरुवातीला मला खडकाच्या कडेला, गवतात लपलेली एक वीतभर उंचीची वनस्पती दिसली. पानं गवतासारखी अरुंद, आणि देठावर एकच फूल, पेटवलेल्या छोट्या कंदिलासारखं. खाली फुगीर नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जाळी. असं फूल मी ओळखत होते. त्याच्या खाली जमिनीत सुपारीएवढा कंद असतो आणि गुराखी तो उकरून कच्चा खातात. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "तात्या, ही खरपुडी."

तात्यांनी वाकून बघितलं. "न्हाई."

"खरपुडीच आहे. हे बघा फूल."

"फूल तसंच हाय. पर ही ती न्हाई. खरपुडी ग्वाड असती. ही कडू जहर. ल्हानपनी एकदा चावली व्हती, सांजपत्तूर थुकत व्हतो. साळिंदर बी हिला तोंड लावत न्हाई. त्या तिकडल्या खरपुड्या सगळ्या उकरून खाल्ल्या बघा, आन् ह्यो खडक तसाच."

मी विळ्याच्या टोकाने कंद उकरला आणि चिमूटभर जिभेवर ठेवला. कडूपणा लगेच आला नाही. आधी काहीच लागलं नाही, मग जिभेच्या मागच्या बाजूने वर चढत गेला आणि एसटीत बसेपर्यंत उतरला नाही. एवढं कडू तोंड घेऊन एवढ्या आनंदात मी त्या रस्त्यावरून पुन्हा कधी आले नाही.

सरांनी फूल गरम पाण्यात मऊ केलं, ब्लेडने उभं चिरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आम्ही दोघं दीड महिना त्या एका फुलाला चिकटून होतो. नळीच्या आत जांभळे केस होते, ते ओळखीच्या खरपुडीत नसतात. तळाशी नळी किंचित वाकडी होती. अगदी आत, जिथे माशी अडकते, तिथे फुलाचा एक बारीक मुकुट असतो. त्याची टोकं इथे आखूड आणि दुभंगलेली होती. सरांनी ग्रंथालयातून जुने ग्रंथ काढले, पुण्याला जाऊन मोठ्या संग्रहातली वनस्पती टाचलेली शीटं बघितली, परदेशी दोन पत्रं लिहिली. मला रोज वाटे, आज म्हणतील. ते म्हणायचे, "नाव द्यायची घाई नको. आधी ही काय काय नाही, ते पक्कं करू. नाही, नाही, नाही म्हणत शेवटी उरेल ते." पत्रांची उत्तरं पुढच्या उन्हाळ्यात आली. दोन्हींत एकच मजकूर होता: अशी वनस्पती आमच्याकडे नाही.

तोवर मी एम.एस्सी.ला आले होते. सर म्हणाले, "एका झाडावर जात ठरत नाही, सुनंदा. पाच-सहा झाडांवरची फुलं हवीत, एक शेंग हवी. कंदासकट पूर्ण झाड एक किंवा दोन, बास. आणि आधी मोजा. हात लावायच्या आधी माळ पूर्ण फिरून मोजा, मग काय घ्यायचं ते आपण ठरवू." भाद्रपदात आम्ही दोघांनी जायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांनी मला थांबा म्हटलं नाही. "तुम्ही मोजून या," म्हणाले.

मी एकटी गेले. तात्या भेटले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "परवा दोघं आलं व्हतं. प्यांटवालं. त्यांच्याकडं बी तुज्यासारखी फळी व्हती कागदाची. खडकाकडं फिरत व्हतं."

"ही बघितली त्यांनी? कडू?"

"काय म्हाईत. मी शेळ्यांमागं व्हतो."

वर्षभर मनात ज्या वनस्पतीशेजारी मी माझं नाव लिहून बघत होते, ती दुसऱ्या कुणाच्या प्रेसमध्ये जाणार होती. त्या माणसांनी ती घेतली नव्हती, हे मला पाचच मिनिटांत दिसलं, कारण ती तिथेच उभी होती, खडकाच्या कडेने, कंदील लावून. मी आधी मोजायला हवं होतं. मी पहिली उकरली. कंद अख्खा निघाला. मग दुसरी. आता मागे वळून बघताना मला तेव्हा आलेला राग किंवा घाई आठवत नाही. आठवतो तो हाताचा सराव. मुरूम ओला होता, विळ्याचं टोक कुठे घालायचं ते कळलं होतं, एकामागून एक कंद न तुटता येत होते आणि प्रत्येक वेळी बरं वाटत होतं. शेंगा असलेल्या दोन होत्या, त्याही घेतल्या. फूल नसलेल्या, नुसत्या पानांच्या काही होत्या. त्या मला गवतात ओळखू येत नव्हत्या, म्हणून मी तात्यांना विचारलं आणि त्यांनी दाखवल्या. दाखवताना त्यांना वाटलं असावं की मला फक्त बघायच्या आहेत. मी विळा घातला तेव्हा ते म्हणाले, "येखादं तरी ऱ्हाऊ द्या की, ताई."

एरवी ते मला पोरी म्हणायचे.

मी म्हटलं, "तात्या, इथे कंपनी होणार आहे. मशीन आलं की काय राहणार? कपाटात तरी राहील."

"कंपनी येईल तवा येईल," ते म्हणाले, आणि शेळ्यांकडे निघून गेले.

सगळा माळ मी पुन्हा एकदा पायाखाली घातला. खरपुड्या सापडल्या, गोड. कडू एकही नाही. एसटीच्या थांब्यावर पिशवी मांडीवर घेऊन मी मोजल्या. एकोणीस होत्या.

घरी आल्यावर कंद उभे चिरले, कारण अख्खे कंद वाळत नाहीत, आणि एकोणीस घड्यांत एकोणीस झाडं मांडली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी प्रेस नेला. परत आणून खाटेखाली ठेवताना त्यांनी एक घडी उघडून बघितली. कितीतरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "कंद सगळे कापलेस?"

"हो. वाळायला पाहिजेत ना."

"एखादा डब्यात लावायचा होता की. भाजून आल्यावर थोडंच उगवतंय." त्यांच्या आवाजात दोष नव्हता. बी-बियाण्याबद्दल गावाकडचा माणूस बोलेल तसं ते सहज बोलले होते आणि लगेच हातपाय धुवायला गेले. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दिघीच्या घरात रिकाम्या तेलाच्या डब्यांची उतरंड होती, आईची तुळस आणि कढीपत्ता त्यांतच होता, आणि वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला एक कंद मातीत ठेवायचं सुचलं नव्हतं.

सर आठवड्याने कॉलेजात आले. त्यांच्या आई गेल्या होत्या. टेबलावर मी शीटं मांडून ठेवली होती. त्यांनी सगळी बघितली, एकेक, भिंग न लावता. शेवटची खाली ठेवली आणि विचारलं, "तिथे किती राहिली?"

"बरीच आहेत, सर," मी म्हणाले.

"मोजलीत?"

"मोजायला जमलं नाही. पण बरीच आहेत."

त्यांनी शीटं एकावर एक रचून माझ्याकडे सरकवली. मी लेबलं लिहायला बसले. संख्येच्या जागी माझ्या त्या वेळच्या गोल, नीट अक्षरात 'विपुल' असं लिहिलं. एकोणीस वेळा.

त्यानंतरचं सगळं सुरळीत झालं. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे. सर पुण्यातल्या एका वृद्ध फादरांकडे चार रविवार जाऊन ते घासूनपुसून घेऊन आले. माझी इच्छा होती की नावात अण्णांचं किंवा तात्यांचं नाव यावं. सर म्हणाले, झाडाला झाडाचंच नाव असू द्या, आणि लॅटिनमधला 'कडू' या अर्थाचा शब्द त्यांनी ठेवला. लेख छापून आला. नावापुढे आम्हा दोघांची आडनावं होती. आईने पेढे वाटले आणि शेजारणींना सांगितलं, "आमच्या सुनीनं गवत शोधलंय." अण्णांनी लेखाची प्रत फाउंड्रीत नेली. ती काळ्या बोटांच्या खुणा घेऊन परत आली, आणि ती माझ्याकडे अजून आहे.

कंपनी आली नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या नाही. सहा वर्षं तो माळ चुन्याच्या चार दगडांमध्ये तसाच पडून होता. मी दर भाद्रपदात कुणाला न सांगता जायची, खडकाच्या कडेने गुडघ्यांवर चालायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायची. तात्या लांबून बघायचे. एका वर्षी त्यांनी चहाला बोलावलं. त्यांच्या बायकोने गुळाचा चहा दिला, शेळ्यांच्या गोष्टी झाल्या, आणि त्या विषयावर आम्ही कुणीच बोललो नाही. निघताना ते म्हणाले, "न्हाई दिसली न्हवं?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मला बी न्हाई दिसली." पुढच्या वर्षी त्यांनी शेळ्या विकल्या होत्या आणि सातव्या वर्षी माळावर पोकलेन आलं. खडकासकट टेकाड सपाट झालं, तिथे गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना उभा राहिला आणि तात्यांचा धाकटा मुलगा तिथे कामाला लागला.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाच हवं. आता गोष्ट सांगता येत होती. परिषदांमध्ये, शाळांमध्ये, एकदा रेडिओवर मी ती सांगितली: चाकणच्या माळावर एक दुर्मीळ वनस्पती होती, आम्ही ती जगाला दाखवली आणि काही वर्षांतच औद्योगिक पट्ट्याने तिचं घर गिळलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. लोक हळहळायचे. दुर्मीळ वनस्पतींच्या याद्यांमध्ये तिच्यापुढे कारण म्हणून 'कारखानदारी' असं लिहिलं गेलं, आणि ते लिहिणाऱ्यांनी माझाच दाखला दिला. मावळात कुठे तरी ती अजून असेलही. लोकांनी दोनदा सापडल्याचं कळवलं, मी जाऊन चाखून आले, दोन्ही गोड निघाल्या.

तांबोळी सर निवृत्तीनंतर कासारवाडीला राहत. रेल्वेफाटकापासून जवळ घर, पुढे हातभर अंगण, त्यात पंधरा कुंड्या. ते ऐंशीच्या पुढे गेले होते, ऐकायला कमी येत होतं, पण नजर शाबूत होती. मीही तोवर निवृत्त झाले होते. त्या दिवशी मी सांगायचं ठरवून गेले नव्हते. ते एका कुंडीतली माती खुरप्याने हलवत होते आणि मला त्या खुरप्याचं टोक बघवेना. मी म्हटलं, "सर, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तिथे बरीच नव्हती. एकोणीसच होती."

त्यांना नीट ऐकू आलं नसेल असं वाटून मी मोठ्याने पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पुढच्या भाद्रपदात मी गेलो होतो. दोन दिवस. चाकणला लॉजवर राहिलो. तुमच्या त्या तात्यांनी मला जेवू घातलं."

"तात्या बोलले?"

"एक शब्द नाही. मीच विचारलं नाही. जागा दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवली. खड्डे भरले होते, पण मुरमाचा रंग वेगळा दिसतो. मी खड्डे मोजले."

त्यांच्या सुनेने चहा आणि नानकटाई आणून ठेवली. मी विचारलं, "मग मला बोलला का नाहीत?"

"लेख छापून आला होता, सुनंदा. माझंही नाव होतं त्यावर." त्यांनी खुरपं कुंडीच्या कडेला पुसलं. "आणि खरं सांगायचं तर शीटं बघितली त्याच दिवशी समजलं होतं. फुलांच्या आठ, शेंगांच्या दोन, बाकी नुसत्या पानांच्या. नुसतं पान कुणी कधी गोळा करतं? सगळं संपवल्याशिवाय? तुम्ही 'बरीच' म्हणालात, आणि मला 'बरीच' ऐकायचं होतं. पंचवीस वर्षं नोकरी झाली होती, माझ्या नावावर एकही जात नव्हती. हे तुम्ही एकटीने केलेलं नाही."

फाटकावरून एक गाडी गेली, मग दुसरी. चहावर साय धरली. निघताना ते दारापर्यंत आले आणि वर्गात सांगायचे तशाच आवाजात म्हणाले, "लेबल चुकीचं आहे. दुरुस्त करून टाका."

जुन्या शीटवरचं लेबल फाडायचं नसतं. नंतर कुणाला काही वेगळं आढळलं तर त्याने छोटी पट्टी लिहायची, सही आणि तारीख घालायची, आणि ती मूळ लेबलाच्या वरच्या मोकळ्या जागेत चिकटवायची. दोन्ही मतं शीटवर राहतात आणि पुढच्याने काय ते ठरवायचं. आमच्या वनस्पतीची मुख्य शीटं आता पुण्याच्या मोठ्या संग्रहात आहेत. मी रीतसर अर्ज केला आणि एका सोमवारी वाकडहून कॅब करून गेले. संग्रहाचं काम बघणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. माझं नाव त्यांनी शीटांवरच वाचलेलं होतं आणि त्यांनी फार आदराने टेबल पुसून दिलं. एकोणीसच्या एकोणीस शीटं त्यांनी मांडली. पानं तपकिरी झाली होती. चिरलेले कंद टाक्यांनी आवळून बसवलेले होते, ते टाके आईकडून शिकून मीच घातलेले. खाली गोल अक्षरात 'विपुल'.

मी घरून पट्ट्या लिहून आणल्या होत्या. अक्षर आता थरथरतं, म्हणून मजकूर थोडा ठेवला होता: 'या ठिकाणी एकूण एकोणीस झाडं दिसली. एकोणीसही मी उपटली. त्यानंतर सहा वर्षं माळ मोकळा होता, तेव्हा शोधलं, एकही सापडलं नाही. कारखाना नंतर आला.' खाली सही आणि तारीख.

बाईंनी पहिली पट्टी उचलून वाचली. मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचली. "मॅडम, सगळ्या शीटांवर?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

अशा पट्ट्या चिकटवायचं काम तिथे त्यांचंच असतं, बाहेरच्या माणसाला शीटांना हात लावू देत नाहीत. त्यांनी हातातली पट्टी होती तिथे परत ठेवली. मग त्यांनी गोंदाची बाटली माझ्या बाजूला सरकवली आणि खुर्ची मागे घेऊन, मी सगळ्या चिकटवून होईपर्यंत बसून राहिल्या.